चौथीच्या बाकावरची कॉफी

दैर अल-सिद्र
शुक्रवार, ९ ऑक्टोबर

बाळ रुवैदा,

पत्र लिहायला तीन आठवडे लावले, माफ कर. रोज दुपारच्या नमाजानंतर कागद घेऊन बसायचो आणि रोज काहीतरी आडवं यायचं. एकदा शाळेची टाकी वाहायला लागली, एकदा चष्म्याची दांडी तुटली. खरं सांगायचं तर काय लिहावं आणि काय लिहू नये हेच ठरत नव्हतं. फोन करावा तर माझा उजवा कान गेलेला, डाव्यात अर्धंच पोचतं. तू बोलतेस आणि मी नुसता हो हो करतो. म्हणून हे पत्र अम्मानच्या बसवाल्या गाझीकडे देतोय. तुझ्या वसतिगृहाच्या दारापर्यंत पोचवीन म्हणालाय. त्याला जैतुनाची बरणी कबूल केली आहे.

जाताना तू म्हणालीस, काका, मी आठ आठवडे प्रशिक्षणाला चालले, शाळेवर लक्ष ठेवा. मी सहावीपर्यंत शिकलेला शिपाई. तुझ्या मागे शाळा इब्तिसामबाई सांभाळतात, मी दार सांभाळतो. पण दारात उभं राहिलं की सगळं दिसतं.

तर ऐक. हाजी फलाहच्या घराण्यातल्या एकतीस मुली दहा दिवसांपासून शाळेत येत नाहीत. इब्तिसामबाई हजेरीत 'जैतुनाची तोडणी' असं लिहितात आणि तुला फोनवर सगळं ठीक आहे म्हणतात. बाई वाईट नाहीत, घाबरतात. पण बाळ, एकतीस मुली एकाच सकाळी उठून एकदम जैतून वेचायला जात नाहीत.

कारण तुझा गुरुवार. भट्टीवर पाव आणायला गेलो की लोक मला ऐकवतात, "मुत्लक, तुझ्या पुतणीनं बाकांची लग्नं लावलीत म्हणे." मी समजावतो. म्हणतो, पूर्वी सकाळच्या शाळेतल्या आपल्या मुली म्हणायच्या, दुपारच्या सीरियावाल्यांनी बाक मोडला. दुपारच्या म्हणायच्या, आम्हाला मोडकाच मिळाला. आता प्रत्येक बाकावर दोन नावं आहेत, एक सकाळचं, एक दुपारचं. एकीचं नाव दुसरीनं लिहायचं. बाकाचं जे काही असेल ते त्या दोघींनी ठरवायचं, आणि दर गुरुवारी दोन्ही शाळांच्या मधल्या अर्ध्या तासात एकाच बाकावर शेजारी बसायचं. तेव्हापासून एक बाक मोडलेला नाही. यावर हाजीचा भाचा म्हणाला, "बाक मोडला तर सुतार आहे, पोरगी बिघडली तर कोण आहे?" सगळे हसले. मी पाव घेऊन निघालो; उत्तर घरी आल्यावर सुचलं, पण तिथे ऐकायला कोण होतं?

हाजी म्हणतात, माझ्या बापानं ही जमीन गावच्या मुलींसाठी दिली, सरहद्दीपलीकडच्यांसाठी नाही. ते शिक्षण कार्यालयासाठी अर्ज तयार करतायत. गुरुवार बंद करा आणि मुख्याध्यापिका बदला. तुझी नेमणूक अजून कच्ची आहे. तुला कुठे वाळवंटातल्या शाळेवर टाकलं तर? तुझा बाप गेला तेव्हा तू सात वर्षांची होतीस. मी त्याला शब्द दिला होता. माझी झोप उडाली आहे.

मला एकच वाट दिसते. गावातली चार वडीलधारी माणसं घेऊन हाजींच्या घरी जायचं, रीतीप्रमाणे समोरचा कप खाली ठेवायचा आणि मागणं मान्य होईपर्यंत कॉफीला हात लावायचा नाही. हाजी रीत मोडणारे नाहीत. लवकर कळव.

तुझा काका
मुत्लक

-----

अम्मान
मंगळवार, १३ ऑक्टोबर

आदरणीय काका,

सलाम. तुमचं पत्र मिळालं. बरणी गाझीभाऊंनी वाटेतच उघडलेली दिसते, पत्राला तेल लागलं होतं.

एकतीस मुलींचं मला खरंच माहीत नव्हतं. कळवलंत ते बरं केलंत. पण काका, हात जोडून सांगते, हाजींच्या घरी जाऊ नका. खून झाला, अपघात झाला, लग्न जमवायचं असलं तर मंडळी घेऊन जातात. आपण काय गुन्हा केलाय? कप खाली ठेवला की आपली चूक झाली असं आपणच सांगितल्यासारखं होतं. शिवाय चार पुरुष बैठकीत बसून मुलींच्या बाकाचं ठरवणार, आणि ज्यांची नावं बाकावर आहेत त्यांना पत्ताही नाही. मग मी त्यांना 'तुमच्या बाकाचं तुम्ही ठरवा' असं शिकवलं ते कशासाठी?

मी परत आल्यावर हाजींना शाळेत बोलावीन. शाळेचं शाळेत. तोवर फक्त जूदकडे लक्ष ठेवा. हाजींची चौथीतली नात, तिसऱ्या रांगेत खिडकीकडचा बाक. तिची जोडीदार दुपारच्या शाळेतली, सीरियातल्या दराआची शहद. जूदला अक्षरं काढायला फार त्रास व्हायचा, आता कुठे हात बसायला लागला होता. ती घरी बसली तर माझे सहा महिने पाण्यात.

मधुमेहाची गोळी जेवणानंतर घ्या, आधी नाही. गोळीनं तोंड सुकतं म्हणून सारखा चहा पिऊ नका.

तुमची
रुवैदा

-----

दैर अल-सिद्र
मंगळवार, २० ऑक्टोबर

बाळ रुवैदा,

तुझं पत्र गाझीनं उशिरा दिलं. तोवर मी हाजींकडे जाऊन आलो होतो.

घर मोठं आहे. खजूर चांगले होते. कॉफी झाली. आता तो विषय संपला.

तू अभ्यासात मन घाल. टाकी दुरुस्त झाली. जूद मला रविवारी मशिदीजवळ दिसली, हातात पिशवी होती, दप्तर नव्हतं. मी हात हलवला, तिनंही हलवला.

तुझा काका
मुत्लक

-----

अम्मान
शनिवार, २४ ऑक्टोबर

आदरणीय काका,

तुमच्यावर रागवायचं ठरवून पत्र उघडलं आणि रागावताच आलं नाही. कॉफी झाली! म्हणजे हाजींनी 'घ्या, तुमचं मागणं मान्य' म्हटलं. माझं न ऐकता तुम्ही गेलात, पण जे मी महिनाभरात केलं नसतं ते एका कपात केलंत. पुस्तकात शाळा चालवण्याचे बारा मार्ग दिलेत, त्यात तुमचा नाही.

एक बातमी. शिक्षण कार्यालयात मी परवाच फोन केला. निरीक्षकबाईंनी अर्जाचं ऐकलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, हाजी तयार आहेत ना? मी सांगितलं, माझ्या काकांनी त्यांच्या घरी कॉफी घेतली. त्या गावाकडच्याच आहेत, पुढे एक शब्द विचारला नाही. गुरुवारी, ५ नोव्हेंबरला त्या स्वतः शाळेत येऊन मधला अर्धा तास बघणार आहेत. सगळ्या बाकांवर दोघी दोघी दिसल्या तर गुरुवार चालू राहील, माझी नेमणूकही पक्की होईल. नाही दिसल्या तर दोन्ही गेलं, असं त्यांनी सरळच सांगितलं. मी म्हटलं, या. काही काळजी नाही.

त्या दिवशी माझी इथे परीक्षा आहे, येता येणार नाही. पण तुम्ही आहात ना.

एकतीस मुली कधीपासून यायला लागल्या ते कळवा.

तुमची
रुवैदा

-----

दैर अल-सिद्र
बुधवार, २८ ऑक्टोबर

बाळ,

मी तुला फसवलं. मुली आलेल्या नाहीत.

गाझीनं पत्र उशिरा दिलं हेही खोटं. त्यानं ते त्याच दिवशी दिलं होतं. मी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि तसाच पत्रासकट हाजींकडे गेलो. हाजी अर्ज पाठवणार आहेत असं भट्टीवर ऐकलं होतं, मला थांबवेना.

बोलायचं इमामसाहेबांनी ठरलं होतं. ऐन दिवशी त्यांना ताप आला. बाकीचे तिघे म्हणाले, मुत्लक, तूच बोल, तुझ्या घरचं आहे. मी पुढे बसलो. हाजींच्या मुलानं कॉफी ओतली, मी कप समोर जमिनीवर ठेवला, अगदी रीतीप्रमाणे. हाजी म्हणाले, "पी, मुत्लक." मी म्हणालो, आधी आमचं ऐका. ते म्हणाले, "ऐकतो. पण आधी तू माझं ऐक."

आणि ते बोलत सुटले. बापानं जमीन दिली ते, पहिल्या वर्षी तंबूत शाळा भरली ते. मग म्हणाले, मुत्लक, माझ्या बापाच्या जमिनीवर काय चालणार हे मला कुणी विचारलं का? एकदा तरी? मला वाटलं आता माझी पाळी, मी मनात वाक्य जुळवत होतो. गोळी घेतलेली, तीही जेवणाआधी, आणि खजूर खाल्लेले. जीभ टाळूला चिकटली होती. हात आपसूक गेला. मी तो कप प्यालो, रुवैदा. एवढ्यावर थांबलो असतो तर काहीतरी सावरता आलं असतं. मी सवयीनं रिकामा कप हलवूनही दाखवला, की बास, पोट भरलं.

हाजींनी माझ्या हातातून कप घेतला. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "प्यालास ना? म्हणजे तुझं काही मागणं नव्हतं. आलास, बसलास, आनंद झाला." मग दारापर्यंत पोचवायला आले.

परत येताना तिघेही माझ्यापुढे पन्नास पावलं चालत होते. आता गावभर झालंय. भट्टीवर मी गेलो की कुणीतरी पाण्याचा पेला पुढे करतं, "घे मुत्लक, तुला तहान लागली असेल."

हाजींकडचं तुला लिहिलं त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. कॉफी झाली, विषय संपला. म्हणूनच जास्त खोटं होतं. निरीक्षकबाई येणार आणि तिसऱ्या रांगेत शहद एकटी बसलेली दिसणार. ती गेल्या चारही गुरुवारी एकटीच बसली. बाकाच्या अर्ध्या भागावर बसते, उरलेला अर्धा मोकळा ठेवते.

तू कार्यालयाला फोन करून सांग की काका म्हातारा आहे, मूर्ख आहे. माझी नोकरी जाऊ दे. उत्तर पाठव, नाहीतर मीच बसनं येतो.

मुत्लक

-----

अम्मान
शुक्रवार, ३० ऑक्टोबर

काका,

बसनं येऊ नका. कार्यालयाला फोन करायला तीनदा गेले आणि तीनदा परत आले. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि एका ओळीवर अडकले. 'मला कुणी विचारलं का? एकदा तरी?'

काका, नाहीच विचारलं. मी मुलींना विचारलं, त्यांच्या आयांना विचारलं, दुपारच्या शाळेतल्या मुलींच्या आज्यांना तंबूत जाऊन विचारलं. ज्याच्या बापाच्या जमिनीवर शाळा उभी आहे त्या माणसाच्या घरावरून रोज गेले आणि विचारलं नाही. तो नाही म्हणेल म्हणून. इथे वर्गात 'सगळ्यांना बरोबर घ्या' असं रोज फळ्यावर लिहितात आणि मी रोज वहीत उतरवते.

आता ऐका. तुम्ही त्यांची कॉफी प्यालात, म्हणजे एक कॉफी आपल्याकडून देणं आहे. परतीचं आमंत्रण हाजींना नाकारता येणार नाही, रीत तुमचीही आहे आणि त्यांचीही. गुरुवारी साडेअकराला त्यांना शाळेत बोलवा. यजमान शाळा. कॉफी तुम्ही ओतायची. त्यांना ऑफिसात बसवू नका, जूदच्या बाकावर बसवा आणि म्हणावं, तिलाही घेऊन या. ते कप खाली ठेवतील आणि त्यांना जे मागायचं ते मागतील. मागू दे.

आणि उत्तर कुणी द्यायचं? ज्यांची नावं त्या बाकावर आहेत त्यांनी. इब्तिसामबाईंनी नाही, निरीक्षकबाईंनी नाही, आणि काका, तुम्ही तर मुळीच नाही. बाकाचं दोघींनी ठरवायचं हा नियम या गुरुवारपुरता मोडायचा असेल तर तो नियमच नव्हता. हाजींनी नाव पुसायला सांगितलं आणि मुली 'हो, पुसा' म्हणाल्या तर पुसा. मग मी वाळवंटात जाईन, तिथेही शाळा असतात.

कार्यालयाला मी खरं कळवते आहे. तरीही या, असं म्हणते आहे.

गोळी जेवणानंतर.

रुवैदा

-----

दैर अल-सिद्र
रविवार, ८ नोव्हेंबर

बाळ रुवैदा,

इब्तिसामबाईंनी तुला फोनवर 'सगळं ठीक' सांगितलंच असेल. त्या सगळंच ठीक सांगतात, आणि त्या वेळी त्या वर्गात नव्हत्या, व्हरांड्यात उभ्या राहून दुआ म्हणत होत्या. म्हणून मी लिहितो.

बुधवारी आमंत्रण द्यायला गेलो. हाजी म्हणाले, "या वेळी पाणी पिऊन आलायस ना?" मी म्हणालो, आलोय. ते म्हणाले, येतो.

गुरुवारी साडेअकराला आले, डोक्याला पांढरी कफिये, इस्त्रीचा झब्बा, मागे जूद. वर्गात अर्धे बाक एकेकीचे, त्यामुळे वर्ग दात पडलेल्या तोंडासारखा दिसत होता. निरीक्षकबाई शेवटच्या बाकावर वही उघडून बसलेल्या. मी हाजींना तिसऱ्या रांगेत नेलं. बाक एवढासा, त्यांचे गुडघे छातीला लागले. शहद उठून भिंतीला टेकून उभी राहिली. जूद दारातच थांबली. मी कॉफी ओतली. थोडी बाकावर सांडली. हाजींनी कप घेतला आणि बाकाच्या मधोमध ठेवला.

म्हणाले, "मी एकच मागतो. ह्या बाकावर दोन नावं आहेत. एक पुसा. कुठलं, ते तुमचं तुम्ही ठरवा."

मी तोंड उघडणार होतो. तुझी ताकीद आठवली, ओठ दातांत धरले. निरीक्षकबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी शहदकडे पाहिलं, आणि इतकी मोठी माणसं त्या दोन पोरींच्या तोंडाकडे बघत राहिली.

शहद पुढे आली. तिनं फळ्याजवळचं ओलं फडकं उचललं आणि स्वतःचंच नाव पुसायला लागली. सवय असल्यासारखी.

पहिलं अक्षर फिकट झालं तेवढ्यात जूद दारातून धावत आली आणि तिनं नावावर पंजा ठेवला. म्हणाली, "हे तुझं नाही. हे मी लिहिलंय."

शहद म्हणाली, नाव माझं आहे.

जूद म्हणाली, "नाव तुझं, पण अक्षर माझं. तीन वेळा खोडून लिहिलंय. पुसायचं तर मी पुसणार, आणि मी पुसणार नाही." मग आजोबांकडे वळून म्हणाली, "आजोबा, बघा ना, या मधल्या अक्षराचा डोळा कसा गोल आलाय. पहिल्यांदाच आला."

हाजी वाकले. चष्मा नव्हता, म्हणून नाक बाकाला लागेपर्यंत वाकले. कितीतरी वेळ वाचत राहिले, एकच शब्द. मग हळूच विचारलं, "आणि तुझं नाव कुणी लिहिलं?"

"हिनं. ते पहिल्याच वेळी नीट आलं, हिचं अक्षर चांगलं आहे."

हाजी उठले. बाकातून निघताना मी हात दिला, त्यांनी धरला. दारात म्हणाले, मुलगी इथेच राहू दे, बारा वाजता न्यायला पाठवतो. आणि गेले. कप भरलेलाच राहिला, मागणं मागे घेतलं नाही, मान्यही झालं नाही. निरीक्षकबाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, मी कप रिकामा झाल्याशिवाय काही लिहिणार नाही.

आता सांग, मी काय करायचं? कप धुवायचा की नाही? धुतला तर आम्ही त्यांचं मागणं ओतून टाकल्यासारखं. बाकावर ठेवला तर पोरी बसणार कुठे? मी तो तसाच माझ्या खोलीच्या खिडकीत नेऊन ठेवला, वर बशी पालथी घातली. शुक्रवार गेला, शनिवार गेला. दर तासाला बघायचो, जसा काही तो चालून जाणार होता.

आज रविवारी सकाळी सातला, मी दार उघडायच्या आत हाजी बाहेर उभे. जूदचा हात धरलेला, पाठीला दप्तर. मला विचारलं, "माझा कप कुठाय?"

मी आणून दिला. बशी काढून त्यांनी वास घेतला. "ही गुरुवारची?"

म्हटलं, गुरुवारचीच. हात लावलेला नाही.

"तू नाही लावलास? कमाल आहे." मग कॉफी दारातल्या जैतुनाच्या बुंध्याशी ओतली आणि कप पुढे केला. "नवी दे. गरम असू दे."

मी धावत जाऊन चूल पेटवली. ते दाराबाहेर उभ्यानंच प्याले, सावकाश, मग कप हलवला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, "मुत्लक, तू माझ्या घरी मागायला आलास आणि काही न मिळता पिऊन गेलास. मी तुझ्या दारी आलो, मीही काही न मिळता प्यालो. फिटलं." दोन पावलं गेले आणि परत आले. "तुझ्या पुतणीला सांग, पुढच्या वेळी आधी विचारायचं. मी नाहीच म्हणणार होतो. पण विचारायचं."

हे मी शब्दाला शब्द लिहिलंय.

आज एकतीसपैकी सव्वीस मुली आल्या. पाच अजून नाहीत, त्यात भाच्याच्या दोन. इब्तिसामबाईंनी पहिल्यांदाच हजेरीत 'गैरहजर' असं लिहिलं, माझ्यादेखत. कप रिकामा झाल्याचं मी निरीक्षकबाईंना गाझीच्या मुलाकडून फोनवर कळवलं. त्या म्हणाल्या, लिहिते. पण काय लिहिते ते म्हणाल्या नाहीत. 'लिहिते' म्हणजे चांगलंच ना? आणि त्या पाचजणी आल्याच नाहीत तर? हाजींचं मन उद्या फिरलं तर? भाचा त्यांच्याकडे रोज जेवायला असतो. गुरुवारी मी त्यांना पुन्हा बोलावू का, की सारखं बोलावणं बरं दिसणार नाही?

शहदच्या नावाचं पहिलं अक्षर फिकट झालंय. जूद म्हणते, तू आल्यावर तुझ्यासमोर गिरवणार, तोवर कुणी हात लावायचा नाही. मी तिला तारीख सांगू शकलो नाही.

गाझी उद्या सकाळी अम्मानहून परत निघतो. दोन ओळी का होईना, त्याच्याकडे दे. मी बस थांब्यावर उभा असेन.

तुझा काका
मुत्लक